अवॅरिकमचा वेढा १/७२ मध्ये: दमदमा, तट आणि मनोरे – कामाच्या नोंदी

३ जून – मापं

टेबलावरच्या युद्धखेळासाठी अवॅरिकमच्या वेढ्याचा संच बनवतोय, खऱ्या मापाच्या १/७२ आकारात. इ.स.पू. ५२ मध्ये रोमन सेनापती सीझरने गॉल लोकांचं अवॅरिकम घेतलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं बूर्ज शहर. गावाला जवळजवळ चहूबाजूंनी नदी आणि दलदल, आत शिरायला एकच अरुंद वाट. त्या वाटेवर रोमनांनी २५ दिवसांत दमदमा उभा केला. सीझर त्याची रुंदी ३३० फूट आणि उंची ८० फूट देतो. 'दमदमा' म्हटलं की आपल्याला त्यावर चढवलेली तोफ आठवते. इथे तोफ नाही. तटाच्या माथ्याशी बरोबरी साधून माणसं आणि मनोरे पुढे नेण्यासाठी हा भराव आहे.

रोमन फूट २९.६ सेंमीचा. १/७२ मध्ये रुंदी होते १३६ सेंमी आणि उंची ३३ सेंमी. टेबल १८० × १२० चं. हे आकडे तसेच घेतले तर टेबलावर दमदमाच राहील आणि सैन्य खुर्चीवर बसवावं लागेल.

ठरवलं ते असं: रुंदीतला ४५ सेंमीचा तुकडाच दाखवायचा. उंची साधारण एक तृतीयांश, १०.५ सेंमी. तट ११ सेंमी. माणसं, मनोरे, छपरं हे सगळं मात्र १/७२ च्या जवळ. दमदमा तीन थरांत, प्रत्येक थर सुटा आणि ३.५ सेंमी जाड. एक थर म्हणजे वेढ्याचे साधारण आठ दिवस. खेळ पुढे सरकेल तसा थर चढवायचा.

६ जून – मातीचा थर, बाद

दिवाळीच्या किल्ल्याचा हात असल्यामुळे पहिला नमुना लाल माती आणि लाकडाच्या भुश्शाचा केला. ३० × २० सेंमी, ३ सेंमी जाड. ओला असताना पावणेतीन किलो भरला. दोन दिवसांत कडा आकसून थर्माकोलपासून सुटल्या आणि मधोमध बोट जाईल एवढी भेग पडली. दिवाळीच्या किल्ल्याला भेग पडली तर वरून चिखल फासता येतो. इथे तोच तुकडा दर खेळाला उचलायचा आहे.

भेगेपेक्षा मोठी चूक वेगळीच होती. हा दमदमा पेटला होता. रात्रीच्या तिसऱ्या प्रहराच्या थोडं आधी त्यातून धूर निघताना रोमनांना दिसला, कारण गॉलांनी खालून सुरुंग खणून आग लावली होती. मातीचा ढीग असा आतून पेटत नाही. भराव मुख्यतः लाकडाचा असणार, आडवेउभे ओंडके रचून मधे फांद्या, दगड, माती. मॉडेलच्या कडेला ओंडक्यांची टोकं दिसलीच पाहिजेत. माती फक्त वरून भुरभुरवायला.

९ जून – फोम

२५ मिमीचा एक्सपीएस फोम (थर्माकोलपेक्षा घट्ट), १२० × ६० चे दोन ताव, इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्याकडून. ४५ × ४० चे तिन्ही थर एका तावात नेमके बसतात: लांबीत ४० चे तीन, रुंदीत ४५. उरलेली १५ सेंमीची पट्टी वेशींच्या भागांना. दुसरा ताव तटाला आणि मागच्या चढणीला.

थराची जाडी अशी भरली: फोम २५, वर सनबोर्ड (फोमचा कडक पुठ्ठा) ५, त्यावर लाकूड आणि वाळूचा थर ५ मिमी. बेरीज ३५.

एका थराची खालची बाजू काळी करायला स्प्रेचा डबा वापरला आणि तो थर वाया गेला. स्प्रेमधल्या द्रावणाने फोम खाल्ला, पृष्ठभाग जाळीदार झाला. आता नियम एकच: आधी फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक समप्रमाणात मिसळून ब्रशने दोन हात, पूर्ण वाळल्यावर बाकीचं काय ते. फेविक्विकही उघड्या फोमला लावायचं नाही, तेही खड्डा पाडतं. वाया गेलेल्या थराला नंतर कामाला लावलं (२७ जुलै पाहा) आणि बदली थर दुसऱ्या तावातून काढला.

१४ जून – ओंडके

टूथपिक गुळगुळीत आणि सगळ्या सारख्या, त्यामुळे ओंडक्यांऐवजी कुंपण वाटतं. बांबूच्या सळ्या ३ मिमीच्या, चालतात पण महाग पडतात. शेवटी खराटा घेतला. माडाचा हीर बुडाशी अडीच-तीन मिमी आणि पुढे निमुळता. १/७२ मध्ये तो वीसेक सेंमी जाडीचा ओंडका होतो. बुडाकडचे ४२ सेंमीच घ्यायचे, त्यातून १४ सेंमीचे तीन तुकडे. शेंड्याकडचा भाग फांद्यांच्या भाऱ्यांना.

प्रत्येक थरावर मनोऱ्यांसाठी १४ सेंमी रुंदीच्या दोन वाटा, ओंडके आडवे, ४ मिमीवर एक. म्हणजे एका वाटेला १००, तीन थरांना मिळून ६००. त्याला २०० हीर लागले, तुटफूट धरून दोन खराटे. संपूर्ण पृष्ठभाग ओंडक्यांनी भरायचा विचार होता, हिशेब केल्यावर सोडला.

कापण्याबद्दल: नेलकटरने टोक चेपतं, कात्रीने हीर उभा चिरतो. चालला तो अडकित्ता. पात्याखाली हीर आडवा धरून एकदाच, जोरात. दाबत-दाबत कापला की तोही चिरतो. वरच्या बाजूचं टोक साफ येतं आणि खालच्या बाजूला बारीक कुसळ राहतं. ते कुसळ आतल्या बाजूला जाईल असं चिकटवायचं.

हिराची साल गुळगुळीत असते, त्यावर फेविकॉल धरत नाही. पहिले चाळीस ओंडके दुसऱ्या दिवशी नखाने सुटले. मूठभर हीर एकत्र धरून १२० नंबरच्या पॉलिश पेपरमधून दोनदा ओढले, मग धरले. पावसाळ्यात काम करत असाल तर कापण्याआधी हीर दिवसभर उन्हात ठेवा. ऊन नसेल तर तव्यावर मंद आचेवर. ओलसर हीर रंगाखाली बुरशी धरतो.

कडांना लाकूड आडवं-उभं रचलं: एका ओळीत ओंडक्याची लांबी दिसते, वरच्या ओळीत टोकं. मधल्या फटीत चाळलेली वाळू, चहाचा वाळवलेला चोथा आणि पातळ फेविकॉल.

२१ जून – तळाचा बाक

तळ ३ मिमी एमडीएफचा होता. वाळू बसवायला वरून पाणी मिसळलेला फेविकॉल फिरवला आणि सकाळी फळी पापडासारखी वाकलेली. मधोमध आणि कडा यांत ९ मिमीचा फरक. खालून तेच मिश्रण लावून, उलटी करून, वर पाट्याचं वजन ठेवलं. पाच मिमी बाक गेला, चार राहिला. फळी टाकली. ६ मिमीची घेतली आणि दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, एकाच जाडीचा हात दिला. सपाट राहिली.

२ जुलै – तट

या प्रकल्पातलं सगळ्यांत किचकट काम, म्हणून सविस्तर लिहितो.

गॉलांचा तट नुसत्या दगडांचा नसे. लांब तुळया तटाच्या रेषेला काटकोनात, दोन-दोन फुटांवर आडव्या टाकायच्या, आतून एकमेकींना बांधायच्या, मातीने झाकायच्या आणि दर्शनी बाजूच्या फटी मोठ्या दगडांनी बुजवायच्या. मग वर पुढचा थर, तुळईला तुळई न टेकता. तुळया बहुतेक ४० फुटी. सीझर स्वतःच कारण सांगतो: दगडामुळे आग लागत नाही आणि लाकडामुळे धडकेने तट फुटत नाही. म्हणून या संचात धडक-यंत्र बनवलंच नाही. कोणी खेळाडू मागेल, त्याला तटाची कड दाखवायची.

बाहेरून दिसतात ती तुळयांची फक्त टोकं. दोन फूट म्हणजे १/७२ मध्ये ८ मिमी. तुळई ४ मिमी धरली, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२ मिमी. उभ्या अंतरातही तेच: ४ मिमी टोक, ८ मिमी दगड. ३० सेंमीच्या एका भागात एका ओळीत २५ टोकं आणि ११ सेंमी उंचीत ९ ओळी. म्हणजे २२५. असे दोन भाग, ४५० टोकं.

साहित्य: ४ मिमी चौकोनी बाल्सा पट्टी, एक मीटरच्या चार. मागे फोमचे दोन तुकडे चिकटवून ५ सेंमी जाडीचा गाभा.

पहिली पद्धत: फोमला चौकोनी भोकं पाडून तुळई आत खुपसणं. फोम फाटतो, ओळ हलते. बारा भोकांनंतर सोडली.

दुसरी पद्धत: १२ मिमीची चौकट छापलेला कागद फोमवर चिकटवला आणि प्रत्येक खुणेवर ५ मिमी लांबीचा तुकडा. मधे दगड म्हणून अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा फाडून. पुठ्ठा फाडायचाच, कापायचा नाही, फाडलेली कड दगडासारखी दिसते. पण पुठ्ठा २ मिमीचा आणि तुकडा ५ मिमीचा, त्यामुळे टोकं ३ मिमी बाहेर. तयार भाग दोघांना दाखवला, दोघांनीही विचारलं, "यावरून चढता येतं का?" बरोबर होतं त्यांचं. तो तट नव्हता, शिडी होती. टोकं पॉलिश पेपरने घासून खाली आणायला गेलो तर बाल्साचे तंतू उपटून आले. शेवटी नव्या ब्लेडने एकेक छाटलं. २२५ छाटायला दोन संध्याकाळी गेल्या.

दुसऱ्या भागात आधीच ३ मिमीचे तुकडे घेतले. पट्टीला ब्लेड लावायच्या जागी लाकडाचा अडसर ठोकला, म्हणजे मापायची गरज नाही. पुठ्ठ्याखाली फेविकॉल आणि बारीक वाळूचा पातळ थर दिला की दगड अडीच मिमीला येतात आणि टोक जेमतेम अर्धा मिमी वर राहतं. हा भाग तीन तासांत झाला.

रंग: दगडाला करडा, त्यात थोडा पिवळसर मातकट. टोकांना दगडाच्या आधी रंग देऊ नका, फटींत घातलेला काळपट हात सगळं एकसारखं करून टाकतो. दगड पूर्ण करून मग ४५० टोकांवर एकेक ठिपका फिकट तपकिरी. कंटाळवाणं आहे, पण तट गॉलांचा वाटतो तो या ठिपक्यांमुळेच.

दोन्ही टोकांना १५ सेंमीचे वेशींचे भाग. हे लागतातच, कारण आगीच्या रात्री रोमन मनोऱ्यांच्या दोन्ही अंगांच्या दोन वेशींतून गॉल बाहेर पडले. वेशींना तुळयांची टोकं फक्त दोन ओळी. जास्तीची हिंमत नव्हती.

६ जुलै – गॉलांचे वाढते मनोरे

दमदमा रोज चढायचा, त्यासोबत रोमन मनोरे उंच व्हायचे आणि गॉल आपल्या तटावरच्या मनोऱ्यांचे खांब जोडून तेवढीच उंची गाठायचे. खेळात ही चढाओढ हवी होती, म्हणून त्यांचे मजले सुटे केले.

एक मजला म्हणजे ६ × ५ सेंमीची सनबोर्डची फळी, चार कोपऱ्यांत ३५ मिमीचे खांब. जोड म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचे १० मिमी तुकडे वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला टूथपिकचा अणकुचीदार भाग. रिफिल आधी गरम पाणी आणि साबणाने धुवा. शाई राहिली तर ती आठवड्याने रंगातून वर येते, दोन खांब निळे झाले. चारही रिफिली एकाच छापील नकाशावर उभ्या करून चिकटवल्या तर कोणताही मजला कोणत्याही मजल्यावर बसतो. पहिल्या दोन मजल्यांना नुसत्या नजरेने लावल्या होत्या, ते फक्त एकमेकांवरच बसतात. तीन बाजूंना चामड्याचं आवरण: टिश्यू पेपर, पातळ फेविकॉल, तपकिरी रंग.

१२ जुलै – रोमन मनोरे

अवॅरिकमच्या मनोऱ्यांची उंची सीझर देत नाही. प्रमाणासाठी रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस घेतला: लहानात लहान मनोरा ६० हात उंच, १७ हात रुंद, वर एक पंचमांशाने निमुळता, दहा मजले. १/७२ मध्ये ३७ सेंमी उंच, साडेदहा रुंद. दमदम्यावर ठेवला तर ११ सेंमीच्या तटापुढे विजेचा खांब. रुंदी आणि निमुळतेपण ठेवलं, मजले पाच केले, उंची १९ सेंमी. खाली १०, वर ८.

सांगाडा ४ मिमी पट्टीचा, अंगावर आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून. चाकं कोटाच्या २० मिमीच्या बटणांची, भोकं एमसीलने बुजवून.

पहिला मनोरा पंख्याच्या वाऱ्याने पडला. वर काड्या, आवरण, चार शिपाई आणि खाली काहीच नाही. तळमजल्याच्या फळीखाली लोखंडी पट्टीचे दोन तुकडे एमसीलने बसवले, साधारण १५० ग्रॅम. आता दमदमा हलला तरी उभा राहतो. वजन आवरण लावण्याआधीच बसवा, नंतर हात आत जात नाही.

मागची चढण ३० सेंमी लांबीत १०.५ सेंमी चढते. त्यावर शिपाई ज्यांवर चिकटवलेत ते तळ घसरत होते. ३५ मिमी खोलीच्या ओंडक्यांच्या पायऱ्या केल्या. मनोरा या चढणीवरून न्यायचा नाही, थर बदलताना हाताने उचलून वर ठेवायचा.

१७ जुलै – चालती छपरं

यांना रोमन 'विनेआ' म्हणत, म्हणजे द्राक्षमळा. वेलीच्या मांडवाखालून चालल्यासारखं सैन्य यांच्याखालून पुढे जाई. माप युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या रोमन लेखक व्हेजेशियसचं, तो सीझरनंतर चारशेहून जास्त वर्षांनी लिहितो: ८ फूट रुंद, ७ उंच, १६ लांब. १/७२ मध्ये ३३ × २९ × ६६ मिमी. छपराला फळ्या आणि विणलेल्या फांद्या, कडांनाही विणकाम, वरून कच्चं चामडं.

नेमक्या मापाने सहा बनवली. मग शिपाई ठेवायला गेलो. शिपायांचे तळ ३० मिमी रुंद आणि दोन्ही बाजूंचे ३-३ मिमीचे खांब वजा जाता आत उरतात २७. एकही तुकडी आत जात नाही. सहाही वाया. पुढची आठ ३९ मिमी रुंदीची केली, छप्पर सुटं ठेवलं. धडा साधा: आधी तळ मोजा, मग छप्पर.

विणकामाला कांद्याच्या पिशवीची जाळी घेतली, ती प्लास्टिकची दिसते. गोणपाटाचा तुकडा फेविकॉलमध्ये बुडवून वाळवला, तो बरा.

२२ जुलै – स्कॉर्पिओ

छोटं बाण फेकणारं यंत्र, ताकद पिळलेल्या स्नायुतंतूंची. एकच बनवलं, पण ते हवंच. आगीच्या रात्री वेशीपुढे उभा राहून एक गॉल चरबी आणि डांबराचे गोळे आगीत फेकत होता. स्कॉर्पिओच्या बाणाने तो पडला, त्याला ओलांडून दुसरा आला, तो पडल्यावर तिसरा, मग चौथा. सीझरने हे स्वतः पाहिलं म्हणून लिहिलंय. संचात त्यासाठी गोळे फेकणारे चार गॉल वेगळे रंगवले, चौघे एका ओळीत बसतील अशा तळावर.

चौकट जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची, १२ × ८ मिमी. दोन उभ्या गुंडाळ्या शिवणाच्या दोऱ्याच्या, प्रत्येकी वीस वेढे, मधून स्टेपलरच्या पिनचा हात. दोरा गुंडाळून झाल्यावर फेविक्विकचा एक थेंब टोकाला, पूर्ण गुंडाळीला नाही. पूर्ण लावलं तर दोरा पांढरा पडतो.

२७ जुलै – आग

आग आतून लागते, म्हणून धूर थराच्या पोटातून निघाला पाहिजे. स्प्रेने खाल्लेला ९ जूनचा थर इथे कामी आला. त्यात ४ × ४ सेंमीची विहीर कापली, आत दिवाळीत मिळणारा बॅटरीचा पणती-दिवा, वर जळके ओंडके विरळ ठेवून. आग लागली की चांगला थर काढून हा बसवायचा.

जळके ओंडके खरोखर मेणबत्तीवर जाळले, फोमपासून दूर, चिकटवण्याआधी. दिसतात छान, पण कोळसा बोटांना आणि तिथून रोमनांच्या ढालींना लागला. पातळ फेविकॉलचे दोन हात दिल्यावर थांबलं.

धूर कापसाचा. पांढरा कापूस धुरासारखा न दिसता ढगासारखा दिसतो. काळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून, पिळून, वाळल्यावर ओढून विरळ केला. बुडाशी गडद, वर फिकट.

आणखी एक सुटा भाग: थरांच्या मधोमध ५ सेंमीची आडवी पट्टी. आग पसरू नये म्हणून काही रोमनांनी मनोरे मागे ओढले, काहींनी दमदमा मधेच तोडला. ही पट्टी काढली की दमदमा तुटला. ती कापताना वाटांचे ओंडके आधी बसवलेले होते, त्यामुळे तेरा ओंडके प्रत्येक वाटेत पुन्हा लावावे लागले. पट्टी आधी कापा.

३ ऑगस्ट – पहिला खेळ

मांडणीला ४० मिनिटं, खेळ साडेतीन तास. दमदम्याच्या ५ सेंमी मागे बांधलेली कोणतीही गोष्ट कोणी पाहिली नाही. तिथली दलदल, वेत, पाणवनस्पती यांवर गेलेले दोन दिवस फुकट.

तुटलं ते: एक स्कॉर्पिओचा हात, तीन रिफिली, वेशीचं एक दार. मऊ प्लास्टिकच्या शिपायांच्या भाल्यांवरचा रंग उडाला. साबणाने न धुतलेल्या तुकडीचाच उडाला, धुतलेल्यांचा टिकला.

बदल: मजल्यांचे टूथपिक ८ मिमीवरून ५ वर आणले, काढताना रिफिल तुटत नाही. पाऊस सुरू झाला की गॉल पहारा सैल करतात हा नियम घातला. शेवटचा हल्ला तसाच झाला होता, मुसळधार पावसात, छपरांखाली लपवलेल्या सैन्याने.

१० ऑगस्ट – खर्च आणि ठेवण

फोम ८२०, एमडीएफ (वाया गेलेलं धरून) ५४०, सनबोर्ड २६०, बाल्सा पट्ट्या ३२०, फेविकॉल आणि फेविक्विक ४१०, एमसील ९०, रंग ६२०, खराटे १४०, दिवे, बटणं आणि किरकोळ २३०. एकूण ३,४३० रुपये, शिपाई सोडून. वेळ साधारण ९० तास, त्यातले वीसेक चुका निस्तरण्यात.

थर एकावर एक ठेवले तर वरच्याचं वजन खालच्या ओंडक्यांना लागतं आणि वाळू झडते. मधे जुनी सुती चादर घडी करून ठेवली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तटावर आठवड्यात दोन ठिकाणी पांढरी बुरशी आली, अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा ओल धरतो. ब्रशने झाडून पातळ व्हार्निशचा हात दिलाय, आता खोक्याला भोकं पाडून उघड्यावर आहे. दुसऱ्या वेशीचं दार अजून चिकटवायचं राहिलंय.